टिकलीपासून बिलापर्यंत : एका सॉलिड-स्टेट सेलची पाच वर्षे

डिसेंबर २०२० मध्ये माझ्याजवळ १३ मिलिमीटर व्यासाची एक करडी टिकली होती. पुण्यातील एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत, कॅथोड (धनाग्र), घन इलेक्ट्रोलाइट (मधला आयनवाहक थर) आणि ॲनोड (ऋणाग्र) अशा तीन भुकट्या एकावर एक पसरून, ३७० मेगापास्कल दाबाखाली ती घडवली होती. दोन पोलादी दांड्यांच्या मध्ये बसवून आणि चार बोल्टांनी आवळून ती ६० अंशांच्या भट्टीत ठेवली होती, आणि २०० वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊनही तिची क्षमता फारशी घटली नव्हती. बॅटरी तयार झाली असून आता ती फक्त मोठी करायची आहे, असा माझा प्रामाणिक समज होता. त्या टिकलीचे विकण्याजोग्या सेलमध्ये रूपांतर होईपर्यंत नोव्हेंबर २०२५ उजाडला. आज ज्यांच्या हातात अशीच टिकली आहे, त्यांना पुढची वाट थोडी ओळखीची वाटावी म्हणून हा क्रमवार वृत्तान्त लिहीत आहे.

सॉलिड-स्टेट बॅटरीत ज्वलनशील द्रवाऐवजी घन पदार्थातून लिथियमचे आयन वाहतात. घनातून आयन द्रवाइतक्या सहजतेने वाहतील का, हा प्रश्न २०११ मध्येच बऱ्याच अंशी सुटला होता. जपानमधील र्‍योजी कान्नो यांच्या गटाने त्या वर्षी १२ मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेचा सल्फाइड (गंधकयुक्त) पदार्थ जाहीर केला, आणि ही वाहकता द्रव इलेक्ट्रोलाइटच्या बरोबरीची होती. आम्ही वापरत असलेल्या आर्जिरोडाइट प्रकारातील लिथियम संयुगांचा शोध तर त्याआधीच, २००८ मध्ये लागला होता. म्हणजे पदार्थ होता, वाहकताही होती. तरीही माल बाजारात का नव्हता, याचे उत्तर मला शोधनिबंधांत न मिळता भोसरीच्या एका लेथ वर्कशॉपमध्ये मिळाले. माझे पोलादी साचे करून देणाऱ्या काकांनी ते चार बोल्ट निरखून विचारले, ‘‘मॅडम, तुम्ही हजार नग करणार म्हणता, मग दर नगाला हे स्क्रू सारखेच आवळायला कोण बसणार?’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. द्रव सेलमध्ये द्रव प्रत्येक फटीत आपोआप शिरतो; घन सेलमध्ये कणाला कण चिकटून राहावा म्हणून बाहेरून दाब द्यावा लागतो, आणि चार्जिंगच्या वेळी आतील पदार्थ फुगला-आकसला की तो संपर्क तुटू लागतो. पुढची दोन वर्षे आम्ही काकांच्या प्रश्नाचेच उत्तर शोधत होतो.

पहिला निर्णय होता तो सेल कशासाठी करायचा याचा. भेटणारा प्रत्येक गुंतवणूकदार मोटारींविषयी विचारत असे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टोयोटा आणि जपानी तेल कंपनी इदेमित्सु यांनी सॉलिड-स्टेट बॅटरीसाठी २०२७-२८ चे लक्ष्य जाहीर केल्यानंतर तर ‘टोयोटा करते आहे, मग तुम्ही काय वेगळे करणार’ हा प्रश्न ठरलेलाच झाला. पाच माणसांच्या कंपनीने मोटारीच्या नादी लागू नये, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. आमच्या एका परिचितांचा औषध कंपन्यांना तापमान-नोंदक उपकरणे पुरवण्याचा व्यवसाय आहे. ऑटोक्लेव्हमधील (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातील) वाफेचे तापमान सर्वत्र १२१ अंश पोहोचते की नाही, हे तपासण्यासाठी ही उपकरणे आत ठेवली जातात. त्यांत लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल असतात, ते पुन्हा चार्ज होत नाहीत आणि ठराविक काळाने फेकून द्यावे लागतात. नेहमीचा लिथियम-आयन सेल त्या उष्णतेत टिकत नाही. आमच्या पदार्थांना मात्र उष्णता मानवते, कारण तापमान वाढले की घन इलेक्ट्रोलाइटची वाहकताही वाढते.

काम ठरले तेव्हा रसायनही बदलले. मी लिथियम धातूचा ॲनोड सोडून लिथियम टायटनेट घेतले. व्होल्टता सुमारे २.३ वर आली आणि ऊर्जाघनता इतकी खालावली की मोटारीच्या बॅटरीशी तुलना करणे हास्यास्पद ठरावे. परंतु टायटनेटचे आकारमान चार्जिंगमध्ये जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे बाहेरचा दाब पुष्कळ कमी चालतो, आणि लिथियमचे तंतू वाढून आतल्या आत शॉर्ट होण्याची भीतीही राहत नाही. माझ्या जुन्या मार्गदर्शकांना हा निर्णय माघारीसारखा वाटला, आणि काही दिवस मलाही तसेच वाटत होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची नोंदणी झाली. त्यासाठी दहा-बारा दिवस पुरले. संस्थेकडून ‘ना हरकत’ पत्र मिळण्यास मात्र सात महिने लागले, कारण माझ्या कोणत्या नोंदवहीवर संस्थेचा हक्क आणि कोणत्यावर माझा, हे ठरवणारी समिती दोनदा बैठकीविनाच विसर्जित झाली. नोकरीत असताना केलेले काम आणि नंतरचे काम यांच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात. मी त्या ठेवल्या नव्हत्या.

पैशांसाठी आम्ही स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत अर्ज केला. त्यासाठी आधी डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची) मान्यता असावी लागत होती आणि कंपनी दोन वर्षांहून जुनी असून चालत नव्हते. एकाच अर्जात तीन इनक्युबेटर (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या संस्था) निवडता येत होते; पहिल्याने नाकारले, दुसऱ्याने बोलावले. प्रारूपासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकत होते, परंतु ते टप्प्याटप्प्याने येई आणि त्यातून वास्तू किंवा सुविधा उभारता येत नव्हत्या. ही अट मी वाचली होती, पण तिचा अर्थ कोरड्या खोलीचा, म्हणजे हवेतला ओलावा काढून टाकलेल्या खोलीचा, खर्च मांडताना कळला. कोरडी खोली ही सुविधाच. तिचे ३८ लाख रुपये आम्ही घरचे दागिने, एका नातेवाइकाचे कर्ज आणि बँकेची तारणी मर्यादा यांतून उभे केले. अनुदानाचे टप्पे ठरवताना ‘२०० चक्रे पूर्ण’ असे उद्दिष्ट लिहू नये, हेही सांगून ठेवते. सावकाश चार्ज-डिस्चार्ज केल्यास एका चक्राला दिवस जातो आणि हप्ता सहा-सात महिने अडकतो.

एप्रिल २०२२ मध्ये भोसरी एमआयडीसीत २८ हजार रुपये भाड्याने गाळा घेतला. जुना ग्लव्हबॉक्स, म्हणजे बाहेरून हातमोज्यांतून आत काम करता येईल अशी बंद पेटी, १४ लाखांना मिळाला. त्यात आर्गॉन वायू भरलेला असतो आणि पाण्याची वाफ व ऑक्सिजन दोन्ही दशलक्षात एका भागाच्या खाली ठेवावे लागतात. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, हे पुणेकरांना सांगायला नको. पहिल्याच गुरुवारी अभिसरणाचा पंप चार तास बंद राहिला आणि आतले ४० ग्रॅम इलेक्ट्रोलाइट वाया गेले. त्यानंतर आम्ही यूपीएस घेतला आणि गुरुवार हा कागदपत्रांचा वार ठरवला. पुढे कागदपत्रे इतकी वाढली की एक वार पुरेनासा झाला.

कच्च्या मालाची अडचण वेगळीच होती. आमचा इलेक्ट्रोलाइट लिथियम सल्फाइड, फॉस्फरस पेंटासल्फाइड आणि लिथियम क्लोराइड एकत्र दळून व नंतर ५५० अंशांवर भाजून तयार होतो, आणि १०० ग्रॅम इलेक्ट्रोलाइटला सुमारे ४३ ग्रॅम लिथियम सल्फाइड लागते. संपूर्ण सेलमध्ये सर्वांत महाग तेच. ते आम्ही परदेशातून मागवत होतो. धोकादायक मालाची घोषणा, सुरक्षा-माहितीपत्रक आणि बीजकावरील नाव या तीन कागदांवर रसायनाचे नाव अक्षरशः सारखे नसल्यामुळे जुलै २०२२ मधील आमची बरणी आयातीच्या गोदामात १९ दिवस पडून राहिली. चूक पाठवणाऱ्याची होती, विलंबाचे भाडे आम्ही भरले. तेव्हापासून माल निघण्याआधी तिन्ही कागदांच्या प्रती मागवून, शेजारी शेजारी ठेवून वाचल्याखेरीज मी होकार देत नाही.

त्याच महिन्यात पावसाळ्याने आमची परीक्षा घेतली. सल्फाइड इलेक्ट्रोलाइटला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. जुलैमधल्या पुण्याच्या हवेत दशलक्ष भागांत पाण्याच्या वाफेचे २५ हजारांहून अधिक भाग असतात. उणे ४० अंश दवबिंदूच्या कोरड्या खोलीत ते सुमारे १२७ असावे लागतात (दवबिंदू म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला साचू लागते ते; तो जितका खाली, तितकी हवा कोरडी). यंत्र पुरवणाऱ्याने खोली रिकामी असताना हा आकडा दाखवला होता आणि आम्ही सही केली होती. आत तीन माणसे काम करू लागताच, त्यांच्या श्वासाने आणि घामाने, तासाभरात दवबिंदू उणे २८ वर आला. म्हणून खोली ताब्यात घेताना, जितकी माणसे आत काम करणार तितकी प्रत्यक्ष उभी करून, भर पावसाळ्यात चाचणी घ्यावी. आमच्याकडे पैसे चुकते झालेले होते. शेवटी एका वेळी दोनच माणसे आणि पन्नास मिनिटांची पाळी असा नियम करून ती वर्षे काढली.

वायूची भीती मात्र आकड्यांत मावणारी नव्हती. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण अगदी थोडे असताना नाकाला वास येतो, पण प्रमाण घातक होऊ लागले की घ्राणशक्तीच बधिर होते, म्हणून ‘वास गेला म्हणजे वायू गेला’ हा समज जीवघेणा ठरू शकतो. आम्ही भिंतीवर दोन आणि प्रत्येकाच्या खिशाला एक असे शोधक लावले. २२ वर्षांच्या एका सहकाऱ्याचे वडील एके दिवशी गाळ्यावर आले आणि ‘‘ताई, हे काम नक्की कसलं आहे?’’ असे विचारून गेले. मी त्यांना सगळे दाखवले, गजर वाजवूनही दाखवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२३ हे सबंध वर्ष टिकलीचा पापुद्रा करण्यात गेले. टिकलीतील इलेक्ट्रोलाइटचा थर ७०० मायक्रोमीटर जाड होता. उपयोगाच्या सेलमध्ये तो १०० च्या आत हवा. त्यासाठी भुकटीची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, करून ती पात्याने पसरावी लागते, धिरड्याचे पीठ तव्यावर पसरावे तशी. लिथियम-आयन कारखान्यांत वापरला जाणारा एनएमपी हा द्रावक सल्फाइडचा नाश करतो, म्हणून आम्ही झायलीन आणि नायट्राइल रबराचा बाइंडर (कण धरून ठेवणारा पदार्थ) घेतला. बाइंडर कमी पडला तर पापुद्रा वाळताना भेगाळतो. जास्त झाला तर कणाकणांत रबर शिरून वाहकता घसरते. टिकलीत २.४ मिलीसीमेन्स असलेली वाहकता पापुद्र्यात ०.९ वर आली, आणि आमच्या मंद गतीच्या उपकरणाला ती पुरेशी होती. मोटारीसाठी काम करत असतो तर तिथेच अडकलो असतो. कॅथोडच्या कणांवर लिथियम नायोबेटचा काही नॅनोमीटरचा लेप द्यावा लागतो, नाहीतर ऑक्साइड आणि सल्फाइड एकमेकांना भिडताच त्यांच्यामध्ये रोधक थर तयार होतो. असे लेप देण्याचे तंत्र २००६-०७ पासून ज्ञात असल्यामुळे तिथे आम्ही शोध लावत बसलो नाही.

पापुद्रे एकजीव करण्यासाठी सर्व बाजूंनी सारखा दाब हवा होता. फळांचे रस टिकवणाऱ्या कारखान्यांत पाण्याखाली ६०० मेगापास्कल दाब देणारी यंत्रे असतात, म्हणून मी अशा एका कारखान्यात विचारणा केली. जिथे रसाच्या बाटल्या जातात तिथे सल्फाइडची पाकिटे घालू देणार नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले, आणि त्यांचे बरोबरच होते. पुढे सिरॅमिकचे भाग बनवणाऱ्या एका उद्योजकाने आपले आयसोस्टॅटिक दाबयंत्र रविवारी, दिवसाला साडेसात हजार रुपयांनी वापरू दिले. एका वेळी ६० पाकिटे, सर्वांवर तोच दाब. काकांना मी फोन करून सांगितले की स्क्रू आवळायला आता पाणी बसणार आहे. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग डब्याचं काम तरी माझ्याकडे ठेवा.’’

स्लरीच्या कृतीसाठी मार्च २०२३ मध्ये आम्ही तात्पुरता पेटंट अर्ज केला. स्टार्टअपसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये होते आणि पूर्ण तपशिलाचा अर्ज त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. त्याच महिन्यात एका परिषदेत माझे पोस्टर होते. ते मी अर्ज होईपर्यंत पाठवले नाही, कारण आधी जाहीर केलेले नंतर नवे ठरवणे कठीण जाते. जलद परीक्षणासाठी फॉर्म १८ए भरून ८,००० रुपये दिले. पहिल्या परीक्षण-अहवालात अकरा आक्षेप होते आणि ते वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. आमच्या पेटंट एजंटांनी शांतपणे सांगितले की आक्षेप येणे हाच शिरस्ता आहे आणि उत्तराला सहा महिने असतात. पदार्थावरचे दावे आम्ही सोडले, पसरवण्याच्या आणि वाळवण्याच्या कृतीवरचे ठेवले.

एप्रिल २०२४ मध्ये, सारे जुळले असे वाटत असताना, सर्वांत मोठा धक्का बसला. आमचे सेल गॅस्केट दाबून बंद केलेल्या नाण्याच्या आकाराच्या डब्यांत होते. कोरड्या भट्टीत १२५ अंशांवर ते महिनाभर टिकले होते. ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या एकतिसाव्या खेपेला मात्र बाहेर येताच तो वास आला. कोरडी उष्णता आणि वाफ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक घरात कुकर असलेल्या देशात मला इतक्या उशिरा उमगावे याची लाज वाटली. दर खेपेला गॅस्केट किंचित सैलावत होते आणि थंड होताना डबा बाहेरचा ओलावा आत ओढत होता. १४० सेल मोडीत निघाले. उपाय जुनाच होता. थायोनिल क्लोराइडच्या सेलना वर्षानुवर्षे असते तसे काच-धातूचे हवाबंद सील आणि लेझरने वेल्ड केलेले झाकण. त्यामुळे डब्याचा खर्च नऊ रुपयांवरून ११६ रुपयांवर गेला आणि आमचे आठ महिने गेले. डबे काकांच्याच वर्कशॉपमध्ये झाले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएन ३८.३ चाचण्या, म्हणजे लिथियम सेलच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या सुरक्षा-चाचण्या, सुरू झाल्या. हा अहवाल नसेल तर लिथियमचा सेल कुरिअरवालाही हातात घेत नाही. टी-१ मध्ये ११.६ किलोपास्कल इतक्या विरळ दाबात सहा तास, टी-२ मध्ये ७२ आणि उणे ४० अंशांत सहा-सहा तास अशी दहा आवर्तने, मग कंपन, धक्का, ५७ अंशांवर बाह्य शॉर्ट, १३ किलोन्यूटनचा चिरड-भार, अतिचार्ज आणि सक्तीचा डिस्चार्ज अशी ती मालिका आहे. घन सेल सुरक्षितच असतो, मग चाचण्या कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. नियमाला सेल द्रव आहे की घन याच्याशी कर्तव्य नाही, आणि चिरडलेल्या सल्फाइड सेलमधून वायू सुटतोच, म्हणून प्रयोगशाळेला हे आधी लेखी कळवून खोलीत शोधक लावून घेणे ही आपली जबाबदारी आहे. आमची खरी धास्ती वजनाची होती. १ ते ७५ ग्रॅमच्या सेलचे वजन ०.२ टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. आमच्या दोन ग्रॅमच्या सेलसाठी ती मर्यादा चार मिलिग्रॅम होते, आणि चिकटवलेल्या लेबलातील ओलावाच तेवढा असतो. आम्ही लेबले काढून क्रमांक लेझरने कोरले. चाळीसच्या आसपास सेल लागतात; आम्ही एकाच लॉटचे ८० नेले, स्वतःच्या गाडीतून. पावणेदोन लाख रुपये, अधिक जीएसटी. सात आठवड्यांनी अहवाल आला तेव्हा मी तो आधी शेवटच्या पानापासून वाचला.

त्यानंतर भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी, आयएस १६०४६ च्या दुसऱ्या भागानुसार. सहज नेता येणाऱ्या उपकरणांतील चार्ज होणाऱ्या सेलना ती लागते आणि प्रत्येक उत्पादन-स्थळासाठी वेगळी घ्यावी लागते. नमुन्यांची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करावी लागते, आणि अहवाल ताजा असतानाच अर्ज करावा लागतो. आमच्या २.३ व्होल्टच्या सेलला अर्जाचे नेहमीचे रकाने जुळत नव्हते. तेव्हा चार्जिंगची कमाल व्होल्टता अशी का निवडली, हे चार पानांच्या पत्रात आकृत्यांसह लिहून दिले. पत्र आधीच जोडले असते तर एक शंका-फेरी आणि पाच आठवडे वाचले असते. ऑगस्टमध्ये नोंदणी क्रमांक मिळाला. याच काळात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली उत्पादक म्हणून नोंदणीही केली. सेल आठ मिलीअँपिअर-तासांचा असला तरी तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरच असते.

ग्राहकाची तपासणी मात्र सर्वांत कठोर निघाली. त्यांनी ३० उपकरणे १५० खेपा ऑटोक्लेव्हमध्ये फिरवली आणि दर दहा खेपांनी नोंदी मागितल्या. २९ उपकरणे टिकली. तिसाव्यात दोष वेल्डचा होता. छेद घेऊन तो दाखवला, कारण लिहून दिले, आणि वेल्डनंतरची हेलियम गळती-चाचणी सर्व सेलना लागू केली. त्या दोषपत्रामुळे ऑर्डर जाईल असे मला वाटत होते. त्यांच्या गुणवत्ता विभागातील बाई मात्र म्हणाल्या की एकही दोष न सापडलेला अहवाल त्यांनी परत पाठवला असता.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी २०० सेलचे बिल काढले. एका सेलची किंमत ४२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. उत्पादन-खर्च अजून त्याहून थोडा जास्तच येतो, त्यातला मोठा वाटा डब्याचा आणि लिथियम सल्फाइडचा. २०० चा लॉट देण्यासाठी आम्हाला २४३ सेल करावे लागले.

पंधरा दिवसांनी त्याच ग्राहकाचे पत्र आले. त्यांच्या काही ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांचे चक्र चालते, आणि त्यासाठी सेल मिळेल का, अशी विचारणा आहे. नायट्राइल रबर तिथे किती टिकेल याची मला खात्री वाटत नाही, आणि बाइंडर बदलला तर यूएन ३८.३ पुन्हा करावी लागते की नाही, हे प्रयोगशाळेला लेखी विचारले आहे. उत्तर यायचे आहे. तोवर दुसऱ्या एका बाइंडरची दोन किलोची पिशवी कोरड्या खोलीत आणून ठेवली आहे.